बुटांच्या खोक्यातले अण्णा

अमेरिकेतल्या श्रूजबरीत फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी साडेतीन वाजता, सिद्धेश आणि प्रतिमाच्या गॅरेजमध्ये त्रेसष्ट बूट होते. चौसष्टावा कुठे गेला याची चौकशी कुणी केली नाही. त्या घराच्या बेसमेंटमध्ये तेव्हा इतकं अघटित चाललं होतं, की एखादा बूट आपल्या पायाने जिना उतरून आला असता तरी लोकांनी सरकून त्याला जागा दिली असती.

खाली बत्तीस माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. पुण्याची, मुंबईची, नागपूरची. कुणी बँकांची सॉफ्टवेअर लिहिणारं, कुणी औषधांच्या कंपनीत आकडेमोड करणारं, दोघं तर चक्क पीएचडीचे विद्यार्थी. एरवी एवढी मराठी माणसं एका छताखाली आली की शेजारचा अमेरिकन खिडकी लावून घेतो. आज मात्र चिडीचूप. कोपऱ्यात घर तापवणारी फर्नेस तेवढी घरघरत होती. छतालगतच्या वीतभर खिडकीवर बर्फ चढलं होतं, आणि त्यातून जे काही आत झिरपत होतं त्याला उजेड म्हणायचं ते केवळ दुसरा शब्द नाही म्हणून.

मधोमध छोटी खुर्ची. तिच्यावर उर्वी, सिद्धेश-प्रतिमाची आठ वर्षांची मुलगी. जन्मापासून एकही शब्द न बोललेली. शेजारी तिचं मनगट अलगद हातात धरून बसलेल्या गिरिजाताई, आणि समोर पारदर्शक प्लास्टिकची पाटी, तिच्यावर इंग्रजी मुळाक्षरं.

गिरिजाताई पूर्वी जर्सी सिटीत राहून कुठल्याशा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होत्या. मग नोकरी सुटली आणि सहा महिन्यांत त्यांना 'सूक्ष्म संवादा'चा साक्षात्कार झाला. त्याबरोबर कपडे पांढरे झाले, भाषा मात्र ऑफिसातलीच राहिली.

"कनेक्शन लागतंय," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "अण्णा लाइनवर आलेत. थोडं बफरिंग आहे. कुणाच्या मनात निगेटिव्ह विचार असतील तर प्लीज म्यूट करा."

त्यांनी डोळे उघडले, आणि उर्वीचं बोट हललं. एका अक्षरावर टेकलं, उचललं, दुसऱ्यावर टेकलं.

"एस," गिरिजाताईंनी वाचलं. "आय. डी. डी. एच. यू."

"सिद्धू!" प्रतिमाने पदर तोंडावर धरला. "अण्णा ह्याला अशीच हाक मारायचे. जगात दुसरं कुणी नाही."

नागपूरचे विनयकाका वही घेऊन बसले होते. ते अक्षरं उतरवून घेत आणि वाक्य झालं की मोठ्याने वाचत. त्यांनी चष्मा सावरला. "सिद्धू, मी रागावलो नाही."

सिद्धेशने मान खाली घातली. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, दोन वर्षांपूर्वी नाशिकला गेले. सिद्धेशच्या व्हिसाचे कागद तेव्हा अडकले होते. भारतात गेला असता तर परत येता येईल की नाही, हे वकीलही सांगेना. त्याने वडिलांना अग्नी दिलेला लॅपटॉपवर पाहिला, आणि तेव्हापासून तो कुणाशी नीट डोळा भिडवून बोललेला नव्हता. त्या तळघरातल्या निम्म्या माणसांची हीच कथा होती. प्रत्येकाचा कुणी ना कुणी तिकडे गेला होता, आणि इकडे कुणी ना कुणी विमानाचं तिकीट नुसतं बघत बसलं होतं.

"मी काय म्हणतो," विनयकाकांनी संधी साधली, "अण्णांना विचारा ना बाप्पा, माझं ग्रीन कार्ड कधी येते?"

बोट हललं. विनयकाकांनी उतरवलं, वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "धीर धरा, म्हणते. अहो, एवढं तर माझा वकील पण सांगते."

शेवटच्या ओळीत, जिन्याला पाठ लावून, आसावरी बसली होती. ती उर्वीच्या शाळेत स्पीच थेरपिस्ट होती. होती म्हणजे नुकतीच लागली होती, सप्टेंबरात. प्राथमिक शाळेने तिला दिलेली खोली म्हणजे जिमच्या चेंडूंचं जुनं कोठार, अजून रबराचा वास मारणारं. पहिलं वर्ष मोनाच्या देखरेखीखाली काढायचं होतं. ही मोना साठीची, तीस वर्षं हेच काम केलेली. तिला नुसतं 'मोना' म्हणताना आसावरीची जीभ अजून अडखळायची.

त्या कोठारात उर्वी आठवड्यातून तीनदा यायची. शाळेने तिला एक टॅब्लेट दिला होता. त्यावर चित्रं. चित्र दाबलं की यंत्र तो शब्द बोलतं, इंग्रजीतून. आणि घरच्यासाठी म्हणून आसावरीने आपल्या आवाजात मराठीही भरून ठेवलं होतं. पाच महिन्यांत उर्वी चार चित्रं स्वतः दाबायला शिकली: अजून, नको, थांब, जा. आपण चार शब्दांना हसू. पण ज्या दिवशी तिने आसावरीच्या तोंडावर पहिल्यांदा 'नको' दाबलं, त्या दिवशी आसावरी बाथरूममध्ये जाऊन रडली होती.

आता समोर तीच उर्वी परलोकाचं टपाल पोचवत होती, आणि आसावरीला नको नको ते दिसत होतं. एक म्हणजे नाशिकच्या अण्णांनी हयातीत मराठी कधी रोमन लिपीत लिहिलं नसणार, हे मेल्यावर शिकले असावेत. दुसरं म्हणजे उर्वी पाटीकडे बघतच नव्हती. ती छताकडे, पाइपांकडे बघत होती, आणि बोट मात्र खाली अचूक अक्षर शोधत होतं. आणि तिसरं, जे बघून आसावरीच्या अंगावर काटा आला. उर्वीचा मोकळा डावा हात मांडीवर होता. त्या हाताचं बोट मांडीवर एकाच जागी दाबत होतं. दाबत होतं, थांबत होतं, पुन्हा दाबत होतं. टॅब्लेट मांडीवर असता तर त्या कोपऱ्यात 'थांब' आलं असतं.

टॅब्लेट कपाटात होता.

"आता उर्वीचा स्वतःचा आत्मा बोलतोय," गिरिजाताईंचा आवाज मऊ झाला. विनयकाकांनी अक्षरं जुळवली. "टॅब्लेट नको. शाळेला परत द्या."

"मी म्हणत नव्हते?" गिरिजाताई सभेकडे वळल्या. "आत्म्याला ब्रॉडबँड असताना ही चित्रं म्हणजे डायल-अप! अपमान आहे तो. शाळेत येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी मीटिंग आहे ना? तिथे सही करून टाका. टॅब्लेट परत, थेरपी बंद. उर्वी माझ्याबरोबर फिरेल. फ्रीमाँटला, जर्सीला. किती घरं वाट बघतायत!"

प्रतिमाने मान डोलावली. आणि मग गिरिजाताईंनी जिन्याकडे बोट केलं. "त्या मागच्या मॅडम. शाळेतल्या ना? तुम्हाला शंका आहे. असू दे. या, तुम्ही स्वतः हात धरा."

बत्तीस माना वळल्या. आसावरी उठली. तिला वाटलं, बरंच झालं. मी धरीन, काहीच होणार नाही आणि प्रश्न मिटेल.

तिने उर्वीच्या मनगटाखाली तळवा ठेवला. नुसता आधार. मनगट गरम होतं.

"कुणी आलंय का यांच्यासाठी?" गिरिजाताईंनी हवेला विचारलं.

बोट हललं. आसावरीने हलवलं नव्हतं, ती कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगायला तयार होती. हात ओढला जात होता. एखाद्या कुत्र्याच्या पट्ट्याला धरल्यावर जसे आपण मागे फरफटतो, तसा.

"एन," गिरिजाताई वाचू लागल्या. "ई. टी. डब्ल्यू."

चौथ्या अक्षराला आसावरीचे कान बधिर झाले. बाकीची अक्षरं तिने ऐकली नाहीत. विनयकाकांनी वाक्य वाचलं तेव्हा त्यांना स्वतःलाच ते कळलं नाही. "नेटवर्क गेलं नव्हतं. हे काय बाप्पा? इंटरनेटची तक्रार हाय काय?"

लोक हसले. आसावरीने हात काढला. ती जिना चढली, आणि बर्फात आपली गाडी कुठे लावली होती हे तिला बराच वेळ आठवेना.

झालं होतं ते असं. आसावरीच्या बाबांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली, तेव्हा ती इथे स्पीच थेरपीचं शिकत होती. काय हा योग! बाबा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर समोर बसायचे आणि "ता, ता, ता" करायचे. एवढंच उरलं होतं. एके दुपारी तिच्याच्याने ते बघवेना. बाबा काहीतरी सांगायला धडपडत असताना तिने बोटाने कॉल बंद केला. मग आईला मेसेज केला: नेटवर्क गेलं. तीन दिवसांनी बाबा गेले. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणीला नाही, डायरीलासुद्धा नाही.

त्या रविवारनंतर फोनवर व्हिडिओ कॉलची घंटी वाजली की ती फोन पालथा करायची. शाळेच्या कोठारात उर्वी समोर आली की आसावरीची नजर आधी तिच्या बोटाकडे जायची. त्या बोटाला माहीत आहे, असं वाटायचं. सोमवारी उर्वीने काहीच दाबलं नाही; घरून टॅब्लेटच आला नव्हता. मंगळवारी आसावरीने दिवसाउजेडी, दार लोटून, उर्वीला अगदी हळू विचारलं, "बाबा आहेत का गं?" आणि आपलाच आवाज ऐकून ती हबकली. सप्टेंबरात हे ऐकलं असतं तर हसली असती.

बुधवारी तिने मोनाला सगळं सांगितलं. मोना बोलली इंग्रजीतच, पण आपण आपल्या भाषेत ऐकू.

"तू हात धरलास," मोना म्हणाली. हा प्रश्न नव्हता. "मीही धरला होता. नव्वदच्या सुमाराला, तुझ्याएवढी असताना. असं हात धरून लिहवून घेण्याची इकडे तेव्हा साथच आली होती. एक मुलगा, न बोलणारा. दोन वर्षं मी त्याचा हात धरला, आणि तो कविता लिहायचा. समुद्रावर. लोक रडायचे. मग कुणीतरी शहाण्याने परीक्षा घेतली. मला किल्ली दाखवली, त्याला कप. आम्हा दोघांच्या हाताने लिहिलं: किल्ली."

"मग?"

"मग काय? कविता माझ्या होत्या, आसा. मनात अक्षर आलं की हात तिकडे झुकतो. केसभर. झुकला हे झुकणाऱ्यालाच कळत नाही, त्याला वाटतं समोरचा ओढतोय. मी खोटं बोलत नव्हते. तेच तर भयंकर आहे."

"आणि तो मुलगा?"

"त्याला समुद्र आवडायचा की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही."

"पण मोना, ते वाक्य कुणालाच माहीत नव्हतं!"

"कुणालाच?"

कोठारात रबराचा वास दाटून राहिला होता. आसावरी म्हणाली, "मला सोडून."

ते वाक्य अख्ख्या पृथ्वीवर एकाच डोक्यात होतं, आणि त्या डोक्याचा हात रविवारी उर्वीच्या मनगटाखाली होता. बाबांना तर शेवटपर्यंत नेटवर्क गेलं असंच वाटत असणार.

मोनाने टेबलाखालून बर्फाच्या बुटांचं एक रिकामं खोकं काढलं आणि कात्री शोधू लागली.

त्या संध्याकाळी आसावरीने सिद्धेशला फोन केला. सिद्धेश एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता; दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्यावर त्याचं पोट चालायचं.

"सिद्धेशदादा, तुमच्याकडे डेव्हलपर येऊन म्हणाला की सगळं ठीक चालतंय, माझ्यावर विश्वास ठेवा, तर तुम्ही काय करता?"

"त्याला चहा पाजतो आणि टेस्ट लावतो," सिद्धेश म्हणाला. "मला भीती वाटते, आसावरी. अण्णा दोन वर्षांनी बोलले माझ्याशी."

"मी एक खोकं आणून देते. त्यात चित्रं तुम्हीच लावा. कुठे कुठलं ते मलाही कळू देऊ नका. अण्णा असतील तर पास होतील."

पुढच्या रविवारी बेसमेंट पुन्हा भरलं. सिद्धेशने खोकं टेबलावर ठेवलं. पुढच्या बाजूला दोन भोकं, एक उर्वीच्या डोळ्यांसमोर, एक गिरिजाताईंच्या. वर झाकण. "शाळेच्या फाइलसाठी," तो म्हणाला. "आत चित्र आहे. बघायचं आणि पाटीवर लिहायचं."

"ऑफ कोर्स!" गिरिजाताईंनी पदर खोचला. "डेटा पाहिजे त्यांना, देऊ डेटा."

उर्वीला खोकं भारी आवडलं. ती भोकाला डोळा लावून बसली. गिरिजाताई वाकल्या, पाहिलं, मग तिचं मनगट धरलं. "डी. ओ. जी."

"कुत्रा," सिद्धेश म्हणाला. "बरोबर."

टाळ्यांनी बेसमेंट दणाणलं. प्रतिमाने आसावरीकडे जिंकल्यासारखं पाहिलं. सिद्धेशने पाठमोरं होऊन चित्र बदललं. दुसरं: छत्री. तिसरं: घड्याळ. चौथं: विमान. प्रत्येक उत्तर सिद्धेश कागदावर टिपत होता, पण आता 'बरोबर' म्हणत नव्हता. टाळ्या एकेक करून विरल्या. पाचवं: मासा. सहावं: किल्ली.

"झालं?" गिरिजाताई सुस्कारल्या. "अण्णा थकलेत. लॉग-आउट करू दे त्यांना."

सिद्धेशने झाकण काढलं आणि खोकं सगळ्यांकडे आडवं केलं. आत मधोमध पुठ्ठ्याची भिंत होती. दोन भोकं, दोन खोल्या. एका खोलीत किल्ली, दुसऱ्या खोलीत केळं.

"उर्वीला केळं दिसत होतं," तो म्हणाला. ऑफिसात चुकांची यादी वाचतात तशा सपाट आवाजात त्याने आधीच्या जोड्या एकेक करून टेबलावर मांडल्या. "पहिली जोडी सारखी होती, कुत्रा-कुत्रा. पुढे उर्वीला चेंडू, लिहिलं छत्री. उर्वीला पेला, लिहिलं घड्याळ. उर्वीला मांजर, लिहिलं विमान. उर्वीला टोपी, लिहिलं मासा. पाच वेगळ्या जोड्या. पाचही वेळा ताईंचं चित्र."

विनयकाका वहीची मागची पानं चाळू लागले.

"अण्णांनी माझ्या बाजूने पाहिलं!" गिरिजाताई म्हणाल्या.

"पाचही वेळा?" विनयकाकांनी वही मिटली. "अन् नातीकडच्या भोकात काय त्यांना मोतीबिंदू झाला होता काय, बाप्पा?"

"परीक्षा घेतली की सूक्ष्म शक्ती निघून जाते, काका! तुमची सगळ्यांची फ्रीक्वेन्सीच लो आहे."

"ताई," सिद्धेश म्हणाला, "टेस्ट फेल झाली की टेस्टच चुकीची म्हणणारे डेव्हलपर मला रोज भेटतात."

"पण मग 'सिद्धू' कसं कळलं त्यांना?" प्रतिमा उभी राहिली. "त्यांना कोण सांगणार? मी नाही, तू नाही!"

सिद्धेशने खिशातून फोन काढला. "काल रात्रभर हेच शोधलं. आपण सांगितलं, प्रतिमा. नोव्हेंबरात. त्यांच्या ग्रुपमध्ये सामील होताना ऑनलाइन फॉर्म भरला होता. आठ पानं, एकेचाळीस प्रश्न. चौदावा प्रश्न: दिवंगत व्यक्ती तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारत? पंधरावा: त्यांच्याबद्दल कसली खंत वाटते?"

हसू नका. व्हिसाचा फॉर्म, शाळेचा फॉर्म, विम्याचा फॉर्म, दाताच्या डॉक्टरचा फॉर्म. भरून भरून या मंडळींच्या बोटांना सवयच अशी जडली होती, की रिकामा चौकोन दिसला की भरायचा, पाठवायचा आणि विसरायचा. आता एकेकाने फोन काढला. त्या अंधुक तळघरात एकामागून एक चेहरे खालून उजळत गेले. प्रत्येकजण आपल्याच हाताने लिहिलेलं आपल्या मेलेल्या माणसाचं गुपित वाचत होता.

गिरिजाताईंनी पाटी पिशवीत घातली. त्या जिना चढताना कुणी त्यांना अडवलं नाही आणि कुणी वाटही करून दिली नाही.

"पण ह्या पोरीच्या 'नेटवर्क'चं काय?" विनयकाकांनी आसावरीकडे पाहिलं. "तिनं तर फॉर्म भरला नव्हता."

आसावरीला वाटलं, नाही सांगितलं तरी चालेल. मग तिला उर्वीचा मांडीवर दाबणारा हात दिसला. तिने सांगितलं. सगळं. बाबांचं "ता, ता", आपलं बोट, आईला केलेला मेसेज. बत्तीस माणसांसमोर, मध्ये न थांबता. "ते वाक्य बाबांचं नव्हतं, काका. माझंच होतं. उर्वीच्या बोटाने लिहिलं, इतकंच. इथे फसवायला फॉर्म लागतोच असं नाही. आपल्याला कुणाकडून तरी ऐकायचंच असतं, आणि हात आपलं काम करतो."

सिद्धेश खुर्चीत बसला. "म्हणजे 'मी रागावलो नाही' हे…"

प्रतिमा मात्र आसावरीसमोर येऊन उभी राहिली. "तिने लिहिलं होतं, आई, तू मला आवडतेस. आठ वर्षांत पहिल्यांदा. ते पण खोटं?"

"ताई, तिला तसं वाटत नाही असं मी म्हणत नाही. ते तिने लिहिलं नाही, एवढंच म्हणते."

"माझी मुलगी बोलत होती," प्रतिमा म्हणाली. "तू तिचा आवाज नेलास." आणि ती वर निघून गेली.

गुरुवारची मीटिंग जिमशेजारच्या खोलीत झाली. प्रतिमा आली, सिद्धेशबरोबर, उर्वीला घेऊन. टॅब्लेट पिशवीत होता, थेरपी बंद करायचा कागद टेबलावर. पेन प्रतिमाच्या हातात होतं. मोना आणि आसावरी समोर बसल्या होत्या.

उर्वीने पिशवीत हात घातला. टॅब्लेट ओढून काढला, मांडीवर घेतला. तिच्या दोन्ही हातांना कुणी शिवलेलं नव्हतं. तिने पानं उलटली, चाचपडत, चुकत. टॅब्लेट कपाटात जायच्या आधी आसावरीने शरीराच्या अवयवांचं आणि दुखण्याखुपण्याचं एक नवं पान घातलं होतं आणि तिला दोन-तीनदा दाखवलं होतं, बस्स. उर्वी तिथे थांबली. या वेळी ती पाइपांकडे बघत नव्हती. नाक जवळजवळ पडद्याला लागलं होतं.

"दुखतं," यंत्र म्हणालं.

मग थोडं शोधून: "दात."

मग, आईकडे बघून, पुन्हा: "दुखतं."

प्रतिमाने पेन टाकलं. तिने उर्वीची हनुवटी धरली, तोंड उघडलं, फोनचा दिवा आत धरला. डावीकडची मागची दाढ काळी पडली होती, हिरडी टम्म सुजून चकाकत होती. एक-दोन दिवसांची गोष्ट नव्हती ती.

तीन महिने त्या हाताने परलोकाच्या बातम्या दिल्या. मेलेल्यांकडून माफ्या आणल्या, ग्रीन कार्डाचं भविष्य सांगितलं, आत्म्याच्या ब्रॉडबँडवर प्रवचनं दिली. दाढ दुखते हे एकदाही लिहिलं नाही. कारण दाढ उर्वीची होती आणि हात दुसऱ्यांचे. तेव्हा कुणी मुक्या माणसाच्या नावाने तुम्हाला गोड बोल ऐकवायला लागलं, तर भक्तीने बसू नका, भांडतही बसू नका. धरलेला हात सोडायला सांगा आणि वाट बघा. मिनिट लागेल, वर्ष लागेल, कदाचित कधीच काही येणार नाही. पण जे येईल ते त्याचं असेल, आणि त्यावर तुम्हाला काहीतरी करता येईल.

"दुखतं," यंत्र पुन्हा म्हणालं. उर्वी आता थांबायला तयार नव्हती. "दुखतं. दुखतं."

सिद्धेश दाताच्या डॉक्टरचा नंबर लावत होता. प्रतिमा टेबलाशेजारी गुडघ्यांवर बसली होती, लेकीच्या तोंडासमोर तोंड नेऊन, हात मात्र स्वतःच्या मांडीवर घट्ट धरून.

"ऐकतेय गं," ती म्हणत होती. "ऐकतेय. सांग."